कला शाखा आणि एनडीए: एका गैरसमजाचा खुलासा

दहावीनंतर कला शाखा घेतली की खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे (एनडीए) दार कायमचे बंद होते, असे पालक आणि कधीकधी शिक्षकही ठामपणे सांगतात. वस्तुस्थिती मात्र तशी नाही. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित या विषयांची अट हवाई दल, नौदल आणि नौदल अकादमीच्या बारावीनंतरच्या प्रवेशासाठी आहे. भूदलासाठी कोणत्याही शाखेतून बारावी उत्तीर्ण झालेले, तसेच त्या वर्षी बारावीला बसलेले अविवाहित उमेदवार अर्ज करू शकतात; 2021 पासून मुलीही. अर्जात पसंतीक्रम भरताना कला शाखेच्या उमेदवाराने भूदल एवढाच पर्याय द्यायचा असतो.

गैरसमजाचे मूळ बहुधा लेखी परीक्षेत असावे. केंद्रीय लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा घेत असलेल्या या परीक्षेत 900 पैकी 300 गुण गणिताला असतात आणि तो पेपर सर्वांना सक्तीचा असतो. अकरावी-बारावीचे गणित न शिकलेल्या विद्यार्थ्याला कलन, त्रिकोणमिती आणि सदिश स्वतंत्रपणे शिकावे लागतात, शिवाय चुकीच्या उत्तराला एकतृतीयांश गुण कापले जातात. ही अडचण खरीच आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही; पण अडचण म्हणजे अपात्रता नव्हे. उरलेल्या 600 गुणांच्या सामान्य क्षमता चाचणीत इंग्रजीला 200 गुण असून इतिहास, भूगोल आणि चालू घडामोडींवरही प्रश्न येतात. प्रबोधिनीत तीन वर्षांच्या प्रशिक्षणानंतर मिळणाऱ्या पदव्यांत बी. ए. सुद्धा आहे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.