क्लॅरिनेट चिरकते तेव्हा: दोष रीडचा की गळतीचा?

क्लॅरिनेट वाजवताना मध्येच निघणाऱ्या चिरक्या आवाजाची कारणे पुष्कळ सांगितली जातात. पण त्यांपैकी बहुतेक दोनच घरांत बसतात. एकात रीड (फुंकरीने कंप पावणारी पातळ पट्टी), माउथपीस (तोंडात धरायचा, रीड बसवलेला भाग) आणि ओठ येतात. दुसऱ्यात नको त्या ठिकाणाहून निसटणारी हवा येते, मग ती बोटाखालून निसटो वा पॅडखालून, म्हणजे छिद्र झाकणाऱ्या मऊ गादीखालून. कानाला दोन्ही आवाज सारखेच बोचतात आणि म्हणून एकावरचा उपाय दुसऱ्यावर करून पाहिला जातो. बहुतेक वेळा पहिला ठपका रीडवरच येतो, कारण ती बदलणे सर्वांत सोपे असते.

आत जे घडते ते मात्र वेगळे असते. क्लॅरिनेटची नळी बरीचशी एकसारख्या व्यासाची असून माउथपीसच्या टोकाशी ती बंद नळीप्रमाणे वागते. त्यामुळे तिचा मूळ स्वर सुटला की ती बासरीसारखी वरच्या सप्तकातील त्याच स्वरावर न जाता त्याच्याही पुढच्या पंचमावर जाते. म्हणजे मंद्र षड्ज सुटला तर मध्य सप्तकातला पंचम बोलतो. डाव्या अंगठ्याजवळची रजिस्टर की (की म्हणजे बोटाने दाबायची कळ) हेच काम मुद्दाम करते : ती वरच्या बाजूला एक बारीक छिद्र उघडते, मूळ कंपन दुबळे पडते आणि वरचा स्वर पुढे येतो. गळती म्हणजे कोणी न मागता उघडलेली रजिस्टर कीच, फक्त भलत्या जागी, त्यामुळे कोणता स्वर उसळेल याचा नेम नसतो. रीडच्या चिरकण्यात नळीचा संबंध कमी असतो. रीडच्या पातळ पट्टीला स्वतःची एक उंच कंपनसंख्या असते आणि एरवी खालच्या ओठाचा मऊ स्पर्श ती दाबून ठेवतो. हा आवर सुटला की रीड नळीचे ऐकेनाशी होते आणि तीक्ष्ण किंकाळी निघते.

हा आवर सुटण्याची कारणे थोडी आहेत. माउथपीस तोंडात फार आत घेतला तर ओठ रीडच्या जाड भागावर जातो आणि कंप पावणारे टोक मोकाट सुटते. योग्य जागा शोधण्यासाठी रीड आणि माउथपीस यांच्यामध्ये पातळ कागद सरकवावा. तो जिथे अडतो तिथेच रीड माउथपीसपासून दूर होऊ लागते आणि खालचा ओठ साधारण त्याच रेषेवर असावा. दातांनी आवळणे, ओठांचे कोपरे ढिले सोडणे, कोरडी किंवा टोकाला टवका उडालेली रीड, माउथपीसवर तिरकी बसलेली रीड ही बाकीची नेहमीची कारणे. रीड उजेडासमोर धरली तर टोकाची चीर चटकन दिसते.

गळतीचा शोध घ्यायला जास्त चिकाटी लागते. तिचे पहिले लक्षण म्हणजे नियमितपणा : चिरका आवाज ठरावीक स्वरावर किंवा एकाच स्वरजोडीत येतो, रीड बदलली तरी तिथेच येतो. नवशिक्याला तो बहुधा जवळजवळ सगळी छिद्रे मोकळी असलेल्या स्वरावरून सगळी बंद असलेल्या स्वरावर जाताना भेटतो, कारण तिथे सगळी बोटे एकाच क्षणी बसावी लागतात. डावी तर्जनी वरच्या की दाबायला कलते आणि परतताना छिद्र अर्धवट झाकते. करंगळी लांब ताणली की शेजारची अनामिका किंचित उचलली जाते. उजव्या तर्जनीच्या मुळाचा धक्का बाजूच्या की ला लागतो. वाजवून झाल्यावर लगेच बोटांची टोके पाहावीत : छिद्राचा गोल ठसा पूर्ण उमटला नसेल, एका बाजूला पुसट असेल, तर हवा तिथूनच जाते आहे. ठसे पूर्ण असूनही खालचे स्वर बोटे जोरात दाबल्यावरच स्वच्छ येत असतील, तर संशय पॅडवर घ्यावा. फाटलेले किंवा फुगलेले पॅड, जागेवरून निसटलेली स्प्रिंग आणि वाद्याच्या वरच्या आणि खालच्या भागांना जोडणारी पुलासारखी की नीट न जुळणे ही त्यांतली सर्रास आढळणारी कारणे आहेत. यातले शेवटचे कारण तर वाद्य जोडताना भाग जरासा फिरवला तरी दूर होते.

दोन्ही शक्यता वेगळ्या करण्याची सर्वांत खात्रीची चाचणी अगदी साधी आहे. फक्त माउथपीस आणि बॅरल (त्याच्या लगेच खालचा आखूड नळीचा तुकडा) जोडून लांब, स्थिर सूर धरावा. इथे छिद्र नाही, पॅड नाही, बोटही नाही. तरीही आवाज चिरकला तर दोष रीड, माउथपीस किंवा ओठ यांतच शोधावा. सूर स्वच्छ राहिला तर गळतीकडे वळावे. वरच्या भागाची सगळी छिद्रे बोटांनी झाकून, खालचे तोंड तळहाताने बंद करून वरून हवा ओढावी. पॅड नीट बसत असतील तर आतला ओढा काही क्षण टिकतो, गळत असतील तर तो लगेच सुटतो. कोणते पॅड ते ठरवण्यासाठी प्रत्येक पॅडखाली अतिशय पातळ कागदाची पट्टी ठेवून की बंद करावी आणि पट्टी हळूच ओढावी. जिथे ती अडखळत नाही, त्या बाजूला पॅड टेकत नाही. पॅड बदलणे मात्र दुरुस्ती करणाऱ्याकडे सोपवलेले बरे, कारण ते बसवताना कोन जरासा चुकला तरी गळती कायम राहते.

दोन्ही दोष एकत्र आले की गुंता वाढतो, आणि तसे वारंवार घडते. पॅड गळू लागले की खालचे स्वर बोलत नाहीत, वादक नकळत दात आवळतो, कधी अधिक कडक रीड लावतो, आणि आता खरोखरच रीड चिरकू लागते. अशा वेळी आधी ओठांची बैठक सुधारत बसणे व्यर्थ जाते. गळती बंद केल्यावर उरणारा चिरका आवाजच रीडचा आणि ओठांचा असतो.