काउंटीची जुनी रेडिओ यंत्रणा बदलायची तर: पात्रता, परवाने, निधी आणि कागदपत्रं

अमेरिकेत ९११ ला फोन लावला की डिस्पॅचर तुमचा पत्ता पुढे कळवतो तो पोलिसांच्या, अग्निशमन दलाच्या आणि रुग्णवाहिकेच्या रेडिओवर. गाडीत लॅपटॉप असतो, खिशात मोबाइल असतो, पण जिवावर बेतलेल्या वेळी बोलणं होतं ते रेडिओवरच. हजारो लोकांनी एकदम फोन लावले की मोबाइलचं जाळं कोलमडतं, हे २६ जुलै २००५ ला मुंबईत अडकलेल्या कुणालाही वेगळं सांगायला नको. म्हणून काउंट्या (जिल्ह्यासारखी स्थानिक शासनं) स्वतःचं रेडिओजाळं राखून असतात. त्यात डोंगरावरचे टॉवर आले, त्यांवरचे रिपीटर (संदेश पकडून जोराने पुढे पाठवणारे संच) आले, टॉवर एकमेकांना जोडणाऱ्या मायक्रोवेव्ह लिंक आल्या, डिस्पॅच केंद्रातले कन्सोल आणि जवानांच्या कमरेचे हँडसेटही आले.

यातली बरीच जाळी आता म्हातारी झाली आहेत. कंपनीने सुटे भाग बनवणं थांबवलेलं असतं आणि तंत्रज्ञ जुन्या संचांतले भाग काढून दुसरे संच चालते ठेवतात. मग काउंटी बदलाचा ठराव आणते, त्यासाठी कर किंवा कर्जरोखे मागते, आणि मतपत्रिकेवर तो प्रश्न एडिसन, कुपर्टिनो किंवा शुगर लँडमधल्या मराठी घरांतही येऊन पोचतो. मत देण्याआधी ही प्रक्रिया नेमकी कशी चालते ते माहीत असायला हवं. माझं ठाम मत असं की क्रम पाळला तरच हे काम तडीला जातं: आधी फ्रीक्वेन्सी, मग टॉवर, त्यानंतर पैशांची जुळणी आणि सगळ्यात शेवटी हँडसेट. चकचकीत नवे हँडसेट फोटोत छान दिसतात, म्हणून मोह उलट्या क्रमाचा होतो.

अर्ज कोण करू शकतं

रेडिओ परवाना देते एफसीसी, म्हणजे फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन. सार्वजनिक सुरक्षेच्या फ्रीक्वेन्सी एफसीसीच्या नियमांतल्या भाग ९० खाली येतात. राज्य, काउंटी, शहर, टाउनशिप, फायर डिस्ट्रिक्ट असं कुठलंही स्थानिक शासन त्यासाठी थेट पात्र असतं. ना-नफा रुग्णवाहिका सेवा किंवा स्वयंसेवी अग्निशमन दलासारख्या बिगर-सरकारी संस्थेलाही दार बंद नाही, पण तिला त्या भागातल्या शासनाचं पाठिंब्याचं पत्र जोडावं लागतं. ७०० मेगाहर्ट्झ पट्ट्यात हा पाठिंबा चालू राहणंही गरजेचं असतं. एकदाचं पत्र घेतलं आणि विसरलं, असं तिथे चालत नाही.

अनेक शहरं एकत्र येऊन संयुक्त प्राधिकरण स्थापतात आणि परवाना त्याच्या नावावर घेतात. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत १९९८ साली असंच ‘मेरा’ (मरिन इमर्जन्सी रेडिओ ऑथॉरिटी) हे प्राधिकरण उभं राहिलं. छोट्या शहरांना एकेकट्याने टॉवर परवडत नाहीत, तेव्हा मला हीच वाट शहाणपणाची वाटते.

फ्रीक्वेन्सी मिळवणं

काउंटीने थेट एफसीसीकडे जाऊन ‘आम्हाला चॅनेल द्या’ म्हणून चालत नाही. आधी मान्यताप्राप्त फ्रीक्वेन्सी समन्वयकाकडे जावं लागतं. सार्वजनिक सुरक्षेसाठी ॲप्को, आयएमएसए, एफसीसीए आणि आशटो या संस्था हे काम करतात. आजूबाजूच्या जुन्या परवानाधारकांना त्रास होणार नाही असा चॅनेल त्या शोधतात आणि अर्ज पुढे धाडतात. समन्वयकाची फी काउंटीने भरायची असते. एफसीसीचं अर्जशुल्क मात्र शासकीय संस्थांना माफ आहे.

७०० मेगाहर्ट्झचा पट्टा हवा असेल तर आणखी एक पायरी वाढते. दूरचित्रवाणीचं प्रसारण १२ जून २००९ ला डिजिटल झालं आणि हा पट्टा पूर्ण मोकळा झाला. त्याच्या वाटपासाठी देशाचे ५५ विभाग पाडले असून प्रत्येकाची प्रादेशिक नियोजन समिती आहे. तिच्या आराखड्यात बसल्याशिवाय समन्वयक अर्ज पुढे सरकवत नाही. कॅनडाच्या सीमेलगत असलेल्या काउंट्यांना तर ‘लाइन ए’ नावाच्या रेषेपलीकडे कॅनडाची संमतीही लागते, आणि त्यात महिने जातात.

अर्जाचा फॉर्म

आधी एफसीसीच्या ‘कोअर्स’ या प्रणालीत नोंदणी करून एफआरएन हा दहा आकडी क्रमांक घ्यायचा. मग परवान्याच्या अर्जाचा फॉर्म ६०१. त्याच्या मुख्य भागात अर्जदाराची माहिती, परिशिष्ट डी मध्ये टॉवर आणि अँटेनाची ठिकाणं, परिशिष्ट एच मध्ये तांत्रिक तपशील.

हात जपून चालवायचा तो परिशिष्ट डी आणि एच भरताना. प्रत्येक टॉवरचे अक्षांश-रेखांश एनएडी-८३ या नकाशा-मापन पद्धतीने द्यायचे, जमिनीची समुद्रसपाटीपासूनची उंची वेगळी लिहायची आणि टॉवरची जमिनीपासूनची उंची वेगळी. या दोन आकड्यांची अदलाबदल झाली की टॉवर कागदावर डोंगराएवढा होतो आणि अर्ज परत येतो. त्यापुढे उत्सर्जन संकेत, म्हणजे रेडिओ कोणत्या प्रकारचा सिग्नल पाठवणार ते सांगणारी खूण, येतो. ‘११के२एफ३ई’ म्हणजे साडेबारा किलोहर्ट्झ चॅनेलमधलं ॲनालॉग बोलणं, ‘८के१०एफ१ई’ म्हणजे पी-२५ या डिजिटल मानकाच्या पहिल्या टप्प्यातलं बोलणं. जुन्या परवान्यावर नुसता पहिलाच संकेत असेल, तर डिजिटल संच वापरायला लागण्यापूर्वी परवान्यात दुरुस्ती करून घ्यावी लागते. हँडसेट आधी घेऊन ठेवणाऱ्या काउंटीची गाडी इथे अडते.

पी-२५ का, तर वेगवेगळ्या कंपन्यांचे संच एकमेकांशी बोलावेत म्हणून. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कमध्ये अग्निशमन दलाचे ३४३ जण गेले. रेडिओतले दोष हे त्यामागचं मुख्य कारण नव्हतं, पण एक कारण होतंच, आणि पोलिस व अग्निशमन दल यांच्यात माहिती नीट पोचत नव्हती. शेजारच्या काउंटीचा बंब मदतीला आला आणि त्याच्या रेडिओवर आपला चॅनेलच नसला, तर त्या मदतीचं मोल निम्मं होतं.

टॉवर

नवा टॉवर २०० फुटांहून उंच असेल किंवा विमानतळाजवळ असेल, तर बांधकामाच्या किमान ४५ दिवस आधी एफएए या केंद्रीय हवाई वाहतूक नियामकाकडे फॉर्म ७४६०-१ द्यावा लागतो. तिथून हरकत नाही म्हटलं की एफसीसीकडे फॉर्म ८५४ भरून टॉवरची नोंदणी करायची आणि तो नोंदणी क्रमांक टॉवरच्या पायथ्याशी दिसेल असा लावायचा. ऐतिहासिक वारसा जतन कायद्याच्या कलम १०६ खाली वेगळी तपासणी होते. त्यात नव्या टॉवरसाठी फॉर्म ६२० आणि असलेल्या टॉवरवर अँटेना चढवायचा असेल तर फॉर्म ६२१ लागतो. त्या जमिनीशी नातं असलेल्या आदिवासी राष्ट्रांनाही एफसीसीच्या टीसीएनएस या सूचना-प्रणालीतून कळवावं लागतं. हे निव्वळ सोपस्कार समजू नयेत. अमेरिकेतले डोंगरमाथे अनेकदा त्या लोकांची पवित्र ठिकाणं असतात, आणि आधीच विचारलं तर जागा चार हात सरकवून मार्ग निघतो.

याशिवाय स्थानिक झोनिंगची (जमीन-वापराच्या नियमांची) सुनावणी, जमिनीचा करार, वीज आणि जनरेटर. सगळ्यात जास्त वेळ खाणारा टप्पा हाच.

पैसा कुठून

केंद्रीय अनुदानासाठी आधी सॅम डॉट गव्ह या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर नोंदणी करून यूईआय हा बारा अक्षर-अंकी क्रमांक घ्यावा लागतो. ४ एप्रिल २०२२ पासून जुन्या डन्स क्रमांकाची जागा त्याने घेतली आहे. नोंदणी दरवर्षी ताजी करायची. ती संपलेली असली की बाकी अर्ज कितीही उत्तम असो, उपयोग नाही. अर्जाचा मुखपृष्ठ फॉर्म एसएफ-४२४ असतो.

अग्निशमन दलांसाठी फेमा या केंद्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेचं एएफजी अनुदान आहे. त्यात स्वतःचा वाटा घालावा लागतो: लोकसंख्या २०,००० पर्यंत असेल तर ५ टक्के, त्यापुढे दहा लाखांपर्यंत १० टक्के, त्याहून मोठ्या भागासाठी १५ टक्के. राज्याच्या गृहसुरक्षा अनुदानात काउंटी थेट अर्ज करत नाही. अर्ज राज्याची नेमलेली संस्था करते आणि मिळालेल्या रकमेतला किमान ८० टक्के भाग तिला स्थानिक शासनांकडे वळवावा लागतो. म्हणून राज्याच्या इंटरऑपरेबिलिटी (वेगवेगळ्या यंत्रणांचा परस्पर संवाद) समन्वयकाशी आधीपासून संपर्क ठेवावा. प्रस्ताव सेफकॉम या केंद्रीय आपत्कालीन-संपर्क कार्यक्रमाच्या मार्गदर्शक सूचनांशी जुळणारा हवा. आणि फेमाच्या पैशातून टॉवर उभा राहणार असेल, तर पर्यावरण आणि वारसा तपासणीची मंजुरी हातात येईपर्यंत कुदळ मारायची नाही. आधी खोदकाम केलं तर अनुदान हातचं जाऊ शकतं. २०,००० पर्यंत वस्तीच्या ग्रामीण गावांना कृषी खात्याच्या कम्युनिटी फॅसिलिटीज योजनेतून कर्ज किंवा अनुदान मागता येतं.

मोठी रक्कम शेवटी स्थानिक करातूनच उभी राहते. मरिनमध्ये नोव्हेंबर २०१४ च्या ‘मेझर ए’ या करप्रस्तावाला दोन तृतीयांश मतं लागत होती आणि ती मिळाली. एका कुटुंबाच्या घरावर वर्षाला २९ डॉलर, २० वर्षं. मरिनचं जुनं जाळं टी-बँडवर, म्हणजे टीव्हीच्या काही चॅनेलशी वाटून घेतलेल्या पट्ट्यावर, होतं. ते चॅनेल सार्वजनिक सुरक्षेकडून काढून घ्यायचा कायदा २०१२ मध्ये झाला होता, तेव्हा ७०० मेगाहर्ट्झकडे जाणं भाग दिसत होतं. तो कायदा डिसेंबर २०२० मध्ये रद्द झाला, पण तोवर अनेक काउंट्यांनी मार्ग बदलला होता. अशा करात कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना सूट असू शकते. ती आपोआप लागत नाही, अर्ज करावा लागतो. आई-वडील स्वतःच्या घरात राहत असतील तर काउंटीच्या संकेतस्थळावर उत्पन्नाची अट आणि शेवटची तारीख जरूर पाहा.

परवाना मिळाल्यावर

परवाना १० वर्षांचा असतो. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत करायचा. यंत्रणा साधारणपणे १२ महिन्यांत उभी करून चालू करावी लागते. स्थानिक शासनाला ५ वर्षांपर्यंत मुदत मिळू शकते, मात्र वेळापत्रक आणि कारणं अर्जातच मांडावी लागतात. काम पूर्ण झाल्याची सूचना एफसीसीला मुदतीनंतर १५ दिवसांच्या आत द्यायची. ती न दिल्यास परवाना रद्द होऊ शकतो आणि इतक्या कष्टाने मिळवलेला चॅनेल दुसऱ्या कुणाकडे जाऊ शकतो.

रहिवाशांनी काय तपासावं

एफसीसीच्या यूएलएस या संकेतस्थळावर कुणीही फुकट शोधू शकतं. काउंटीचं नाव टाकलं की परवाने, फ्रीक्वेन्सी, टॉवरची ठिकाणं आणि मुदती दिसतात. मग करारात व्याप्तीची, म्हणजे रेडिओ कुठवर पोचेल याची, हमी कशी लिहिली आहे ते विचारा. ‘काउंटीच्या ९५ टक्के भागात’ असं वाक्य नुसतं पुरेसं नाही. रस्त्यावर उभं राहून की इमारतीच्या आत, गाडीतल्या संचाने की कमरेच्या हँडसेटने, हे लिहिलेलं हवं. शाळेचं तळघर, इस्पितळाचा एक्स-रे विभाग, मोठ्या गोदामाचा मधला भाग, इथेच हँडसेट मुका होतो, आणि जवान आत जातात तेही इथेच. स्वीकृती चाचणी अशा ठिकाणी प्रत्यक्ष चालून होणार आहे का, आणि ती पार पडेपर्यंत कंपनीचा शेवटचा हप्ता रोखून ठेवला जाणार आहे का, हे दोन प्रश्न काउंटीच्या बोर्डाच्या सभेत जनतेला बोलायची वेळ असते तेव्हा विचारा. बोलायला दोन-तीन मिनिटं मिळतात. नाव आधी नोंदवावं लागतं आणि प्रश्नांची लेखी प्रत क्लार्ककडे दिली तर ती सभेच्या नोंदीत राहते.