मुकादम (मुंबई)

मुकादम : मजुरांची टोळी जमवून तिच्याकडून काम करून घेणारा आणि बहुधा त्याच टोळीतून वर आलेला म्होरक्या. मुंबईत हे पद कापड गिरण्या, गोदी, बांधकामे, महानगरपालिकेची साफसफाई आणि जेवणाचे डबे पोहोचवण्याचा व्यवसाय अशा निरनिराळ्या ठिकाणी आढळते. गिरण्यांत त्याला जॉबर म्हणत. स्त्री-कामगारांच्या खात्यांत हेच काम नायकीण करी. ऊसतोडीच्या मुकादमाचा व्यवहार वेगळा असल्याने त्याचा येथे विचार केलेला नाही. नेतृत्वगुणांची चर्चा आपल्याकडे राजे, सेनापती, पुढारी आणि अलीकडे उद्योगपती यांच्या चरित्रांवरून होत आली आहे. मुकादमाच्या हाती मात्र ना गादी होती ना सभेचे व्यासपीठ, आणि त्याच्या अधिकाराला लेखी आधारही फारसा नव्हता. माणसे एखाद्याचे का ऐकतात, हे पाहायला त्याचे उदाहरण म्हणूनच अधिक उपयोगी पडते.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेली ताडदेवची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. ती मुंबईतील पहिली कापड गिरणी मानली जाते. यंत्रे आणि ती चालवण्यास शिकवणारे तंत्रज्ञ लँकेशायरहून आले. कामगार पुढे मुख्यतः रत्नागिरी आणि सातारा जिल्ह्यांतून येत गेले. कामगारांशी त्यांच्या भाषेत बोलणारा, बंद पडलेला साचा (कापड विणण्याचे यंत्र) चालू करणारा आणि सकाळी रिकाम्या राहिलेल्या यंत्रांवर माणसे उभी करणारा दुवा या व्यवस्थेत आवश्यक झाला. हेड जॉबर, त्याच्या हाताखाली लाइन जॉबर आणि सर्वांत खाली साधा कामगार, अशी उतरंड तयार झाली. भरती, शिकवणी, देखरेख, रजा, शिक्षा आणि कामावरून कमी करणे हे सारे व्यवहारात जॉबरच्या हातून होत असे.

उगमाचा वाद : जॉबर ही संस्था आली कुठून, यावर एकमत नाही. वसाहतकाळातील अधिकारी आणि त्यांच्या अहवालांवर विसंबणारे लेखक ती गावगाड्यातून आली असे धरून चालत. त्यांच्या मते पाटलाचा किंवा जातीच्या पुढाऱ्याचा अधिकार शहरात आला आणि गिरणीच्या फाटकाशी येऊन स्थिरावला. मॉरिस डेव्हिड मॉरिस यांनी १९६५ मधील आपल्या अभ्यासात याला हरकत घेतली. जॉबर हे गिरणी-व्यवस्थापनाचेच अपत्य आहे, गावाकडचे नव्हे, असे त्यांचे प्रतिपादन होते. व्यवस्थापकांना कामगारांशी थेट संबंध ठेवण्यात रस नव्हता आणि बाजारपेठेतील चढउतारांप्रमाणे माणसे घेणे-काढणे स्वस्तात व्हायला हवे होते. हे जोखमीचे काम त्यांनी जॉबरवर सोपवले.

रिचर्ड न्यूमन आणि डिक कोइमन यांनी या वादाला कामगार संघटनांची बाजू जोडली. जॉबर आणि संघटना हे एकाच कामगारावर हक्क सांगणारे दोन दावेदार होते, ही बाब त्यांच्या लेखनामुळे ठळक झाली. पुढे राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ च्या ग्रंथात जॉबरच्या सर्वशक्तिमानतेलाच प्रश्न केला. एकाच खात्यात अनेक जॉबर असत, त्यांच्यात चुरस असे आणि व्यवस्थापक त्यांना काढूही शकत. त्यामुळे जॉबरचा दरारा गिरणीच्या आत जेवढा ठरे तेवढाच बाहेर, चाळीत आणि नाक्यावर ठरे. माणसे राखण्यासाठी त्याला सतत काहीतरी द्यावे लागे. तीर्थंकर रॉय यांनी २००८ मधील निबंधात आसाम-बंगालकडील सरदार, दक्षिणेतील व सिलोनच्या मळ्यांतील कंगाणी आणि मुंबईचा जॉबर यांना एकत्र तपासले. टोळीचा नायक ही कल्पना उद्योगपूर्व काळापासून होती, कारखानदारीने ती उचलली आणि बदलली, असा त्यांच्या मांडणीचा रोख आहे.

ही मते वाटतात तितकी परस्परविरोधी नाहीत. आकार व्यवस्थापनाने दिला हे मॉरिस यांचे म्हणणे बहुतांशी टिकते, कारण जॉबरच्या हाती असलेले अधिकार गावच्या पाटलाच्या अधिकारांशी मिळतेजुळते नव्हते. मात्र एकच पद असलेल्या दोन जॉबरांपैकी एकाच्या मागे पन्नास माणसे का जात आणि दुसऱ्याच्या मागे पाचही का जात नसत, याचे उत्तर त्या मांडणीत सापडत नाही. ते चंदावरकरांच्या मांडणीत अधिक सापडते. लँकेशायरच्या साचाखात्यांतील टॅकलर या देखरेख्याशीही जॉबरची तुलना केली जाते. दोघेही यंत्र दुरुस्त ठेवत आणि विणकरांकडून काम करून घेत. पण टॅकलरच्या पाठीशी त्याच्या कसबाची संघटना होती. मुंबईच्या जॉबरला सारा जम एकट्याने बसवावा लागे.

पगाराची तारीख आणि जॉबरचे वजन : जॉबरच्या प्रभावाचे खरे मूळ अनेकदा जातीत किंवा गावात शोधले जाते. पगार देण्याच्या पद्धतीकडे तुलनेने कमी लक्ष गेले आहे. गिरण्यांत पगार महिन्याचा असे आणि तो पुढच्या महिन्यात बऱ्याच उशिरा हाती पडे. नवा आलेला कामगार पहिला पैसा पाहण्यापूर्वी सहा-सहा आठवडे उधारीवर जगे. वाण्याकडे खाते उघडायचे, खानावळीत पान लावायचे, खोलीत पथारीपुरती जागा मिळवायची, तर कोणाचा तरी शब्द लागे. तो शब्द जॉबरचा असे. त्याने हमी घेतली की उधार मिळे, आणि हमीदाराशी बेइमानी करणे कामगाराला परवडत नसे.

कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ च्या सप्टेंबरमध्ये घेतलेल्या सभांतून जे निवेदन निघाले, त्यावर सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या होत्या. रविवारची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती या मागण्या सर्वांना ठाऊक आहेत. त्यांच्याबरोबर मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळावा, अशीही एक मागणी होती. तिची आठवण क्वचितच काढली जाते, पण जॉबरच्या अभ्यासकाला तीच महत्त्वाची वाटेल. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली. पगाराच्या तारखेला कायद्याचे बंधन यायला १९३६ साल उजाडावे लागले. लोखंडे यांची बाँबे मिलहँड्स असोसिएशन १८८४ ची की १८९० ची, याबद्दलही मतभेद आहेत. सभासदांची यादी, निधी आणि नियम यांपैकी काहीच तिच्याकडे नव्हते, असे १८९२ च्या सुमाराच्या सरकारी अहवालात म्हटले आहे. येईल त्या कामगाराला सल्ला देणारा माणूस हेच तिचे स्वरूप असेल, तर निदान एका बाबतीत लोखंडे आणि जॉबर यांची रीत सारखी ठरते : दोघांचेही पुढारपण दार उघडे ठेवण्यावर चाले. दस्तुरी, म्हणजे काम देण्याबद्दलची वरकड रक्कम, मात्र फक्त जॉबर घेई.

१८९६-९७ च्या प्लेगने ही व्यवस्था काही काळ उलटीपालटी केली. कामगार गावाकडे पळाले, उरलेल्यांसाठी गिरण्या नाक्यानाक्यांवर एकमेकींवर चढाओढ करू लागल्या आणि रोजच्या रोज मजुरी देण्याची वेळ मालकांवर आली. साथ ओसरली तशी महिन्याच्या पगाराची जुनी पद्धत परतली, आणि तिच्याबरोबर उधारीही.

गुण आणि सवयी : जॉबर कामगारांतूनच बढतीने वर येई, म्हणून पहिली अट कसबाची. आवाजावरून साचा कुठे अडला ते ओळखणे आणि मागावर स्वतः हात घालणे ज्याला जमत नसे त्याची आज्ञा पाळली जात नसे. दुसरी गोष्ट हजेरीची. भोंग्याच्या आधी फाटकावर उभे राहून जमलेल्या बदलींतून (गैरहजर कामगारांच्या जागी घेतल्या जाणाऱ्या हंगामी कामगारांतून) माणसे निवडणे हे रोजचेच काम होते. त्यात कोणाला किती दिवस काम मिळाले नाही याचा हिशेब डोक्यात ठेवणारा जॉबर टिके. सगळे काम आपल्याच भाऊबंदांना देणाऱ्याची टोळी दुसऱ्या जॉबरकडे सरके.

संध्याकाळची सवय याहून वेगळी. चाळीतले भांडण मिटवणे, गावकीच्या खोलीवर जाऊन बसणे, बारसे-लग्न-मयत न चुकवणे, गणपतीच्या आणि मोहरमच्या मेळ्यांना वर्गणी देणे, आखाड्याला आश्रय देणे यांत त्याचा वेळ आणि पैसा जाई. आखाड्यातील जवान पोरे ही त्याची ताकदही असे. कर्जवसुली आणि संपकाळातील हाणामाऱ्या यांचा संबंध तिथपर्यंत पोहोचतो. ‘दादा’ ही उपाधी आदर आणि धाक यांच्या सीमेवर उभी होती, आणि तिच्या दोन्ही बाजूंना वावरता येणे हेही एक कौशल्यच मानावे लागते. त्याला सद्गुण म्हणायचे की नाही, हे प्रश्न कोण विचारतो त्यावर अवलंबून राहील.

व्यवस्थापकाशी बोलण्याची त्याची रीतही ठरलेली असे. साहेबाच्या खोलीत त्याला प्रवेश हवा, पण तो साहेबाचा माणूस आहे असे दिसता कामा नये. हा तोल संपात उघड होई. संप मोडायला निघालेला जॉबर नोकरी वाचवी पण अनुयायी गमावी, आणि अनुयायी गेले की मालकाच्या लेखीही त्याची किंमत उरत नसे. त्यामुळे अनेक जॉबर संपाच्या बाजूने राहिलेले दिसतात. त्यांना क्रांतिकारक ठरवण्याचे जसे कारण नाही, तसेच त्यांना निव्वळ मालकांचे हस्तक समजणेही चूक आहे.

या साऱ्याची किंमत कामगार मोजत होता. कामावर लावताना आणि पुढेही वेळोवेळी दस्तुरी घेतली जाई; कर्जाचे व्याज निराळे. १९२० च्या दशकात गिरणी-कामगारांत स्त्रियांचा वाटा सुमारे एक पंचमांश होता. वाइंडिंग आणि रीलिंगच्या, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या, खात्यांत नायकीण हेच सर्व अधिकार चालवी, दस्तुरीसकट. नायकिणींबद्दलचे उल्लेख बहुतेक चौकशी-अहवालांतल्या तक्रारींतून येतात. त्यांच्या गुणांची नोंद करणारे कोणी त्या खात्यांत गेले नसावे.

आपल्या माणसांना कामाला लावणे या गुणाची दुसरी बाजू जातीची होती. साचाखात्यात अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींना प्रवेश नव्हता. नवी कांडी (सूत गुंडाळलेली नळी) भरताना धोट्याच्या, म्हणजे विणताना आडवे सूत नेणाऱ्या साधनाच्या, छिद्रातून सूत तोंडाने ओढावे लागे आणि त्यावरून विटाळाचे कारण पुढे केले जाई. जास्त मजुरीचे खाते असे बंद राहिले. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा प्रश्न लावून धरला. भरती ज्याच्या हाती त्याच्या ओळखीपाळखीवर चालणारी व्यवस्था ओळखीबाहेरच्यांना दाराबाहेरच ठेवते, हे तेव्हा स्पष्ट झाले.

ऱ्हास : १९२८ च्या त्याच संपात गिरणी कामगार युनियन उभी राहिली. वर्षअखेर तिची सभासदसंख्या ५४,००० च्या घरात होती. खात्याखात्यांत नेमलेल्या गिरणी-समित्या तक्रारी थेट व्यवस्थापकाकडे नेऊ लागल्या आणि जॉबरच्या मध्यस्थीला प्रथमच पर्याय मिळाला. कामगारांच्या प्रश्नांसाठी १९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात भरतीचा अधिकार जॉबरकडून काढून कामगार-अधिकाऱ्याकडे द्यावा, अशी शिफारस केली. १९३४ च्या मुंबई प्रांताच्या कायद्याने सरकारी कामगार-अधिकारी आला. १९३५ पासून गिरणीमालक संघाने बदली कामगारांना महिन्याच्या आरंभी कार्डे देऊन फाटकावरील निवड मर्यादित केली. १९५० मध्ये नोकरीतील अनिश्चितता कमी करणारी योजना आली. पगाराची तारीख, कार्ड आणि नोंदवही यांनी एकामागून एक जॉबरच्या हातातील दोऱ्या काढून घेतल्या. तांत्रिक देखरेख्या म्हणून तो गिरणीत राहिला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा कामगारांनी नेता निवडला तो गिरणीबाहेरचा आणि व्यवसायाने डॉक्टर : दत्ता सामंत.

इतर क्षेत्रे : गोदीत माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या टोळ्यांचा म्होरक्या तोलीवाला म्हणून ओळखला जाई. १९४८ च्या गोदी कामगार कायद्यानंतर कामगारांची नोंदणी सुरू झाली आणि त्याचे भरतीवरील नियंत्रण सुटत गेले. बांधकामाच्या नाक्यांवर मजूर पुरवणारा मुकादम आजही आहे, त्याचे व्यवहार बहुधा तोंडी चालतात.

डबेवाल्यांचा मुकादम मात्र निराळ्या घडणीचा आहे. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी हा व्यवसाय सुरू केला असे सामान्यतः सांगितले जाते. त्याच्या न्यासाची नोंदणी १९५६ ची आहे. मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव या भागांतून आलेले डबेवाले लहान गटांत काम करतात आणि प्रत्येक गटाला एक मुकादम असतो. तो अनुभवाने ज्येष्ठ असतो, स्टेशनवर डब्यांची विभागणी पाहतो, ग्राहकांच्या तक्रारी निस्तरतो आणि कोणी गैरहजर राहिल्यास स्वतः त्याची फेरी करतो. कमाई गटात वाटली जात असल्याने दस्तुरीला येथे जागा उरलेली नाही. मुंबई महानगरपालिकेच्या घनकचरा व्यवस्थापन खात्यात मुकादम हे वेतनश्रेणी असलेले पद असून चौकीवर हजेरी घेणे आणि सफाई कामगारांना कामाचे पट्टे वाटून देणे ही त्याची कामे आहेत.