सायबर छळ (मुले व किशोरवयीन)

मोबाइल, समाजमाध्यमे, ऑनलाइन गेम किंवा मेसेजच्या ग्रुपवरून एखाद्या मुलाला जाणूनबुजून आणि वारंवार त्रास देण्याचा प्रकार. शाळेतल्या दादागिरीचे अभ्यासक डॅन ओल्वेयस यांनी तिच्या तीन खुणा सांगितल्या होत्या: त्रास देण्याचा हेतू, पुनरावृत्ती आणि दोघांच्या बळातला फरक. ऑनलाइन छळालाही त्याच लावतात, फक्त पुनरावृत्तीचा हिशेब बदलतो. एकाने एकदाच टाकलेला फोटो वर्गातल्या चाळीस जणांनी पुढे पाठवला, तर ज्याचा फोटो आहे त्याला तो चाळीस वेळा लागतो.

कोल्हापुरात चेष्टेला मोठा मान. तालमीच्या कट्ट्यावर, शाहू स्टेडियमवर फुटबॉल बघताना, पेठापेठांत टोपणनावे ठेवणे आणि फिरकी घेणे रोजचेच, आणि ज्याची फिरकी घेतली तो तिथल्या तिथे सव्याज परत करतो. त्यामुळे ‘चेष्टा केली की भावा’ एवढे म्हटले की मोबाइलवरचा छळही खपून जातो. खरे तर दोन्हींतला फरक ओळखणे अवघड नाही. समोरच्याला उलट बोलायची सोय आहे का, आणि त्याने ‘बास’ म्हटल्यावर थांबतात का, एवढेच पाहावे.

खोटे खाते उघडणे, निनावी ‘कन्फेशन’ पेजवर मुलींबद्दल वाटेल ते लिहिणे, ठरवून ग्रुपमधून काढणे, स्टेटसवर नाव न घेता टोमणे मारणे, एआयने चेहरा जोडून अश्लील चित्र बनवणे असे याचे प्रकार आहेत. सगळ्यांत निरुपद्रवी वाटते ते स्टिकर. डबा खाताना किंवा बाकावर डुलकी लागलेली असताना फोटो काढायचा, कडा कापायच्या, वर दोन शब्द चिकटवायचे. सरांनी दम दिल्यावर पाठवणारा मूळ मेसेज पुसतो, पण ज्यांनी स्टिकर साठवून ठेवले त्यांच्याकडे ते राहतेच. आठवड्याने ते क्लासच्या ग्रुपवर उगवते, जिथे ते पोर कुणाच्या ओळखीचेही नसते.

मूल शाळा टाळते, फोन वाजला की दचकते, झोप आणि जेवण बिघडते. घरी मात्र सांगत नाही, कारण पुढचे वाक्य त्याला पाठ असते: ‘आधी तो फोन दे हिकडं.’ फोन काढून घेतला की छळ थांबत नाही, फक्त मुलाला दिसेनासा होतो. शिवाय रागाच्या भरात चॅट पुसले तर पुरावाही जातो. म्हणून आधी ऐकून घ्यावे, मग स्क्रीनशॉट घ्यावेत. त्यांत खात्याचे नाव, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे, खात्याची लिंक वेगळी उतरवून ठेवावी. स्टेटस २४ तासांत नाहीसे होते, त्यामुळे उद्यावर ढकलू नये. ब्लॉक आणि रिपोर्ट त्यानंतर. एक अपवाद काटेकोर पाळावा: अल्पवयीनाचे नग्न किंवा अश्लील चित्र असेल तर पुरावा म्हणूनही त्याची प्रत काढू नये, कुणाला पाठवू नये, फोन तसाच पोलिसांना दाखवावा. असे चित्र पुढे पाठवणे हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली आणि पोक्सोखाली (मुलांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणारा कायदा) गुन्हा आहे.

भारतात सायबर छळ या नावाचा स्वतंत्र कायदा नाही. ‘त्रासदायक’ मेसेजसाठी लावले जाणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. आता प्रकारानुसार कलमे लागतात: दुसऱ्याची ओळख वापरल्यास त्याच कायद्याचे ६६क, खासगी अंगांचे चित्र संमतीविना पसरवल्यास ६६इ, धमकीसाठी भारतीय न्याय संहितेचे ३५१, अल्पवयीनाच्या लैंगिक छळासाठी पोक्सो. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर, जवळच्या ठाण्यात किंवा कोल्हापूरच्या सायबर पोलीस ठाण्यात देता येते. मुलांच्या मदतीसाठी १०९८, मानसिक आधारासाठी टेलिमानसचा १४४१६ हे क्रमांक आहेत.

प्रत्येक प्रकरण ठाण्यात नेण्यासारखे नसते. छळणारा पुष्कळदा त्याच वर्गात, शेजारच्या बाकावर असतो, आणि त्याच्या दारात जाऊन आरडाओरडा केला की सगळ्या गल्लीला कळते. शाळेने दोन्ही पालकांना वेगवेगळे बोलावणे बहुधा जास्त उपयोगी पडते. गुन्हा नोंद झालाच तर १८ वर्षांखालच्या आरोपीचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. अशा वेळी गावातल्या बातम्यांच्या ग्रुपवर ‘हाच तो पोरगा’ म्हणून फोटो फिरू लागतात. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार पीडित किंवा आरोपी मुलाची ओळख प्रसिद्ध करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.