'गुलाम' शब्दाचा घोळ

'गुलाम' हा शब्द अरबीत मुळात मुलगा, पोरगा या अर्थाचा. चाकर आणि मग विकत घेऊन तयार केलेला घोडेस्वार हे अर्थ त्याला पुढे चिकटले. फारसीतून मराठीत येईतो त्यातला पोरगा हरवला, आणि पत्त्यांच्या डावातही तो राजा-राणीखाली जाऊन बसला. 'मामलुक' म्हणजे मालकीचा. 'खादिम' म्हणजे सेवक. पण जुन्या अरबी ग्रंथांत खोजा, म्हणजे खच्ची केलेला चाकर, म्हणायचं टाळण्यासाठीही तोच शब्द येतो. भाषांतरात मात्र सगळेच 'गुलाम'.

नवव्या शतकात बगदादच्या अब्बासी खलिफाने तुर्की गुलामांची फौज उभारली. बगदादकरांशी त्यांचे खटके उडू लागले, म्हणून ८३६ मध्ये सामर्रा ही नवी राजधानी वसवली. २५ वर्षांनी तिथेच तुर्की पहारेकऱ्यांनी पुढच्या एका खलिफाचा खून केला.

ही पद्धत पुरती मुरली ती कैरोत, मामलुक सुलतानांच्या १२५० ते १५१७ या काळात. काळ्या समुद्राच्या उत्तरेकडून किपचाक या तुर्की टोळ्यांची मुलं आणत, पुढे कॉकेशसमधून चर्कस जमातीची. किल्ल्यातल्या बराकींत आधी धर्मशिक्षण, मग भाला, तिरंदाजी, घोडदौड. शिक्षण संपलं की मुक्तिपत्र, घोडा आणि हत्यारं. म्हणजे लढाईवर जाणारा कायद्याने स्वतंत्र असे, तरी आयुष्यभर मामलुकच म्हणवून घेई, आणि तेही अभिमानाने. त्याचा मुलगा जन्मतःच स्वतंत्र मुसलमान. म्हणून त्याची सोय सहसा दुय्यम फौजेत. १२६० मध्ये पॅलेस्टाइनमधल्या ऐन जालूतला मंगोलांना हरवलं ते याच मामलुकांनी.

या चढत्या कमानीचं कौतुक जरा जपूनच करावं. बाजारात उभ्या केलेल्या पोराला कुणी काही विचारलं नव्हतं. बसऱ्याजवळ खारट जमीन उपसणाऱ्या आफ्रिकी गुलामांच्या वाट्याला तर ना घोडा आला ना मुक्तिपत्र. ८६९ मध्ये पेटलेलं त्यांचं बंड मोडायला १४ वर्षं लागली.

दिल्लीच्या १२०६ ते १२९० मधल्या सुलतानांना आपली पाठ्यपुस्तकं 'गुलाम घराणे' म्हणतात. यातला 'घराणे' हा शब्दही लंगडाच: कुळं तीन होती, आणि गादीवर बसलेली सुलतानाची मुलगी रझिया तर कधीच कुणाची गुलाम नव्हती.

दख्खनेत खडकी (पुढचं औरंगाबाद) वसवणारा हबशी मलिक अंबर इथिओपियातून विकला जात अहमदनगरच्या निजामशाहीत पोचला. त्याला विकत घेणारा तिथला पेशवा, म्हणजे मुख्य प्रधानही हबशीच, एके काळचा गुलाम. मालक वारल्यावर तो मोकळा झाला, पुढे स्वतः पेशवा झाला. १६२६ मध्ये तो वारला आणि कारभार मुलाकडे गेला. कैरोत अमिराच्या, म्हणजे मामलुक सरदाराच्या, मुलाला बापाचं पद असं क्वचितच मिळे.