एलएम ३८६ ॲम्प्लिफायर किटमधील गुणगुण व खरखर : ग्राहकांसाठी माहिती

आमच्याकडून एलएम ३८६ (आवाजाचा सिग्नल मोठा करणारी छोटी आयसी, म्हणजे चिप) चे ॲम्प्लिफायर किट नेलेले काही ग्राहक स्पीकरमधून सतत गुणगुण येते म्हणून आयसी बदलून मागतात. परंतु तपासल्यावर आयसी बहुधा चांगली निघते आणि दोष जोडणीत सापडतो. म्हणून आयसी काढण्यापूर्वी पुढील तपासणी अवश्य करावी.

इनपुटला जोडलेला मोबाइल किंवा माइक काढून इनपुट ग्राउंडला जोडावे. गुणगुण थांबली, तर ती इनपुटच्या वायरीतून शिरत आहे. थांबली नाही, तर अडॅप्टरऐवजी ९ व्होल्टची बॅटरी लावून पाहावी; बॅटरीवर थांबल्यास ती अडॅप्टरच्या सप्लायमधून येत आहे. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने उघड्या वायरीत त्याच पट्टीची गुणगुण शिरते, तर ट्रान्सफॉर्मर आणि ब्रिज रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारे चार डायोड) यांच्या सप्लायमधील रिपल, म्हणजे डीसीमध्ये उरलेला चढउतार, १०० हर्ट्झचा, म्हणजे बरोबर एक सप्तक वरचा असतो. पेटी वाजवणाऱ्या ग्राहकांना हा फरक केवळ कानाने ओळखता येईल.

इनपुटसाठी शील्डेड (धातूच्या जाळीचे आवरण असलेली) वायर वापरावी व तिची जाळी ग्राउंडला जोडावी. व्हॉल्यूमच्या दांड्याला हात लावताच आवाज बदलत असेल, तर पोटेन्शिओमीटरचे (व्हॉल्यूम कंट्रोलचे) धातूचे कवचही ग्राउंड करावे.

सर्वाधिक चुका ग्राउंडच्या जोडणीत होतात. स्पीकरचा परतीचा करंट आणि इनपुटचे ग्राउंड एकाच बारीक वायरीतून नेल्यास त्या वायरीवर पडणारा सूक्ष्म व्होल्टेज ड्रॉप सिग्नलमध्ये मिसळतो व पुन्हा ॲम्प्लिफाय होतो; म्हणून दोन्ही वायरी स्वतंत्रपणे सप्लायच्या फिल्टर कपॅसिटरच्या ऋण टोकापर्यंत आणाव्यात. आयसीच्या पिन ६ (सप्लाय) आणि पिन ४ (ग्राउंड) यांच्यामध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर आयसीला अगदी चिकटून बसवावा. तोच लांब वायरीवर लावल्यास वायरीच्या इंडक्टन्समुळे त्याचा उपयोग फारसा उरत नाही. पिन ७ पासून ग्राउंडपर्यंत १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावल्यास सप्लायमधील रिपल आणखी दबतो. पिन १ व ८ मधील कपॅसिटरमुळे गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) २० वरून २०० होतो आणि त्याबरोबर नॉइजही वाढतो. मोबाइलच्या सिग्नलसाठी एवढ्या गेनची गरज नसते, तेव्हा तो कपॅसिटर काढावा, असे आमचे मत आहे.

त्याच सप्लायवर रिले (कॉइलने चालणारा स्विच) असल्यास तिची खरखर टाळण्यासाठी तिच्या कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा जोडावा. ट्रायॅक (वीज झपाट्याने चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) असलेल्या पंख्याच्या रेग्युलेटरमुळे होणारी खरखर मात्र किटमध्ये शोधत बसू नये.

एवढे करूनही गुणगुण राहिल्यास किट आपल्या नेहमीच्या अडॅप्टरसह दुकानात आणावे. नुसत्या बोर्डावरून दोष सांगता येत नाही.