हैदराबाद राज्य विधानसभा आणि मराठवाडा

हैदराबाद राज्य विधानसभा हे भारतीय संघराज्यातील तत्कालीन हैदराबाद राज्याचे प्रौढ मताधिकाराने निवडलेले पहिले आणि एकमेव विधिमंडळ होय. १९५२ ते १९५६ या अल्पकाळात ते अस्तित्वात होते. मराठवाड्याच्या संसदीय इतिहासाचा आरंभ मुंबईच्या विधानसभेपासून सांगण्याची प्रथा असली, तरी या भागाने आपले पहिले आमदार हैदराबादला पाठविले होते.

निजामी राजवटीत कायदेमंडळ अगदीच नव्हते असे नाही. १८९३ मध्ये एक कायदेमंडळ स्थापन झाले होते; परंतु त्यात सरकारनियुक्तांचा भरणा असे आणि अंतिम अधिकार निजामाकडेच राही. १९३७ मध्ये अरवमुदु अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या शिफारशींवरून १९३९ मध्ये जाहीर झालेल्या सुधारणांत प्रादेशिक मतदारसंघांऐवजी व्यवसायनिहाय प्रतिनिधित्वाचे तत्त्व स्वीकारण्यात आले, तसेच लोकसंख्येतील मोठी तफावत बाजूला ठेवून हिंदू व मुस्लिम प्रतिनिधींची संख्या समान राखण्यात आली. या सुधारणांतून आलेल्या १९४६ च्या निवडणुकीवर हैदराबाद स्टेट काँग्रेसने बहिष्कार घातला. जबाबदार राज्यपद्धतीची, म्हणजे लोकप्रतिनिधींना उत्तरदायी असलेल्या सरकारची, मागणी अशा रचनेने भागणारी नव्हतीच.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात सामील झाल्यावर प्रथम मेजर जनरल जे. एन. चौधरी यांचे लष्करी प्रशासन आले. २६ जानेवारी १९५० पासून सनदी अधिकारी एम. के. वेल्लोडी मुख्यमंत्री झाले आणि निजाम मीर उस्मान अली खान राजप्रमुख, म्हणजे राज्याचे घटनात्मक प्रमुख. १९४८ ते १९५२ या साडेतीन वर्षांत निर्वाचित सभागृह नव्हते. म्हणूनच जहागिरी नष्ट करणारा १९४९ चा हुकूम आणि १९५० चा कूळ कायदा, हे दोन्ही दूरगामी निर्णय कोणत्याही आमदाराच्या मताविना झाले.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत विधानसभेच्या १७५ जागा १४२ मतदारसंघांत विभागलेल्या होत्या. त्यांपैकी १०९ मतदारसंघ एकसदस्यीय व ३३ द्विसदस्यीय होते. द्विसदस्यीय मतदारसंघात मतदाराला दोन मते असत, मात्र ती दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. काँग्रेसला ९३, पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटला ४२, समाजवादी पक्षाला ११, शेतकरी कामगार पक्षाला (शेकाप) १०, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनला ५ आणि अपक्षांना १४ जागा मिळाल्या. फ्रंटमागे खरी शक्ती बंदी असलेल्या कम्युनिस्ट पक्षाची होती व तिचा पाया तेलंगणातील सशस्त्र शेतकरी लढ्यात होता. शेकापचे बळ मात्र प्रामुख्याने मराठी जिल्ह्यांत होते. ६ मार्च १९५२ रोजी बुर्गुल रामकृष्ण राव मुख्यमंत्री झाले. त्यांच्या मंत्रिमंडळात मराठवाड्यातून गृहखाते सांभाळणारे दिगंबरराव बिंदू, तसेच फूलचंद गांधी व देवीसिंह चौहान हे होते. काशीनाथराव वैद्य विधानसभेचे अध्यक्ष झाले, तर विरोधी पक्षनेतेपद फ्रंटचे व्ही. डी. देशपांडे यांच्याकडे आले. हे मराठी गृहस्थ निवडून आले होते ते तेलंगणातून, आणि त्या काळच्या राजकारणात भाषेची सीमा अजून किती सैल होती हे त्यावरून कळते.

सभागृहाची मांडणी पक्षांइतकीच भाषांनीही ठरलेली होती. राज्यात तेलंगणाचे आठ, मराठवाड्याचे पाच (औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद) आणि कन्नड भाषकांचे तीन (बीदर, गुलबर्गा, रायचूर) असे सोळा जिल्हे होते. मराठी सदस्य त्यामुळे कायम अल्पसंख्य राहिले. तरीही राज्य मोडून भाषावार प्रांतरचना व्हावी, या मागणीत त्यांचे हित कन्नड सदस्यांशी जुळत होते. मराठी भाषक प्रदेशांचे एक राज्य करण्याविषयी नेत्यांनी केलेल्या २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारावर मराठवाड्याच्या वतीने सह्या करणाऱ्यांत मंत्री देवीसिंह चौहान यांचाही समावेश होता. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात घालण्याची आणि उर्वरित हैदराबाद तूर्त वेगळे ठेवण्याची शिफारस केली. त्यावर डिसेंबर १९५५ मध्ये विधानसभेत झालेल्या चर्चेत १४७ सदस्यांनी मत मांडले: १०३ जण तेलंगण–आंध्र विलीनीकरणाच्या बाजूने, २९ विरोधात, १५ तटस्थ. या १०३ मध्ये मराठी व कन्नड सदस्यही होते. जे स्वतः राज्य सोडून निघाले होते, त्यांनी मागे राहणाऱ्यांच्या भवितव्यावर मत द्यावे काय, हा आक्षेप अगदीच गैरवाजवी म्हणता येत नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य विसर्जित झाले व त्याबरोबर विधानसभाही. नवी निवडणूक न घेता प्रत्येक आमदाराची सदस्यता त्याच्या मतदारसंघाबरोबर नव्या राज्यात गेली: तेलंगणाचे सदस्य आंध्र प्रदेशात, कन्नड सदस्य म्हैसूरात आणि मराठवाड्याचे मुंबईच्या विधानसभेत. पाच जिल्ह्यांसोबत बीदरमधील अहमदपूर, निलंगा व उदगीर, तसेच आदिलाबादमधील किनवट व राजुरा हे तालुकेही मुंबई राज्यात आले. नांदेडचा काही भाग मात्र आंध्र प्रदेशात गेला. १९५७ मध्ये मुंबई विधानसभेच्या ३९६ जागा होत्या. १९६० मध्ये त्यांपैकी १३२ गुजरातकडे व २६४ महाराष्ट्राकडे आल्या. आज महाराष्ट्राच्या २८८ जागांपैकी मराठवाड्यात ४६ आहेत.

हैदराबादच्या सभागृहाने केलेले बरेचसे कामकाज राज्याबरोबरच मागे पडले. अपवाद कूळ कायद्याचा. १९५४ मध्ये या विधानसभेने त्यात मोठी दुरुस्ती केली आणि संरक्षित कुळांना (ज्यांच्या जमीन कसण्याच्या हक्काला कायद्याने विशेष संरक्षण दिले होते अशा कुळांना) मालकी हक्क देण्याची कलम ३८-ई ही तरतूद घातली. विलीनीकरणानंतरही मुंबईचा कूळ कायदा मराठवाड्याला लागू न होता हैदराबादचाच कायदा चालू राहिला, त्यामुळे जमिनीच्या जुन्या वादांत तहसील कार्यालयापासून उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत त्याच तरतुदीचा आधार घेतला गेला.